ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांनी सारी हयात तापाचे रुग्ण तपासण्यात घालवली. त्या काळी हिवताप होता, विषमज्वर होता. आज पावसाळा लागला की घराघरांत धास्ती असते ती डेंग्यूची. म्हणून मी हा विषय घेतला.

मला एकच गोष्ट आज तुमच्या मनावर ठसवायची आहे. डेंग्यूचा रुग्ण बहुधा ताप चढलेला असताना जात नाही, ताप उतरल्यावर जातो. घरची माणसं नारळ फोडून मोकळी होतात आणि त्याच संध्याकाळी रुग्णाचे हातपाय गार पडायला लागतात. ते दोन दिवस कसे ओळखायचे, त्यांत काय पाहायचं आणि कशामागे धावायचं नाही, हे मी सांगणार आहे. शेवटी पाण्यावर बोलेन, कारण आपल्या भागात या आजाराचं मूळ नळाच्या वेळापत्रकात आहे.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस डोळ्यांपुढे आणा. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात किनवट-माहूरपासून देगलूर-बिलोलीपर्यंतचे रुग्ण येतात, तेलंगणाच्या सीमेपलीकडूनही येतात. लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेत उदगीर, निलंगा, अहमदपूरकडचे येतात, शिवाय शिकवण्यांसाठी आलेली, वसतिगृहांत राहणारी पोरं-पोरी असतात. तक्रारी जवळपास सारख्या. ताप एकाएकी येतो आणि १०३-१०४पर्यंत जातो. कपाळ ठणकतं, डोळे फिरवले की मागच्या बाजूला दुखतं, कंबर धरते, हाडं कुटून काढल्यासारखी होतात. चेहरा लालसर दिसतो, तोंडाची चव जाते, ताट समोर आलं की मळमळतं. सर्दी-खोकला मात्र फारसा नसतो. पावसाळ्यात एकदम जोराचा ताप आला आणि नाक-घसा ठीक आहे, तर डेंग्यूचा विचार मनात आणावाच.

इथे आपल्याकडे दोन गोष्टी हमखास घडतात. पहिली म्हणजे विडाल तपासणी. ती ‘थोडी पॉझिटिव्ह’ निघते आणि टायफॉइड म्हणून इंजेक्शनं सुरू होतात. आपल्या भागात विषमज्वराचे जंतू कधी ना कधी बहुतेकांच्या शरीरातून जाऊन आलेले असतात, त्यामुळे एकट्या विडालच्या एका कागदावर निदान उभं राहत नाही. दुसरी गोष्ट अंगदुखीवरच्या इंजेक्शनची. डायक्लोफेनॅक टोचून घेतलं की दोन तास बरं वाटतं. पण ज्याच्या प्लेटलेट उतरणीला लागल्या आहेत त्याला हे औषध, तसंच आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन, रक्तस्रावाकडे ढकलतं. कमरेत टोचलेल्या जागी रक्ताची गाठ धरते ती वेगळीच. डेंग्यूच्या तापाला पॅरासिटामॉल पुरे, आणि तेही ठरलेल्या मात्रेतच, कारण यकृत या आजारात आधीच दुखावलेलं असतं.

निदानाच्या तपासण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. पहिल्या पाच दिवसांत विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस-१, त्यानंतर प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम. शासकीय प्रयोगशाळांत आयजीएमची एलायझा तपासणी होते, तिचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तयार होतात. एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही, विशेषतः ज्याला पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला आहे त्याच्या बाबतीत. आणि हे आग्रहानं सांगतो की तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत रुग्णाकडे पाहणं थांबवायचं नसतं.

नव्या डॉक्टरांना मी पहिला प्रश्न शिकवतो तो हा: ताप कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आला? ‘चार-पाच दिवस झाले’ हे उत्तर घेऊ नका. खेड्यातला माणूस तारीख सांगणार नाही, पण बाजाराच्या दिवशी कापूस खुरपून आल्यावर सांजेला अंग मोडून आलं, हे तो बरोबर सांगतो. तिथून दिवस मोजायचे. केसपेपरच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात ‘तापाचा चौथा दिवस’ असं लिहायचं. कारण हा आजार दिवसांच्या हिशोबानं चालतो. पहिले काही दिवस तापाचे. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, बहुधा ताप उतरताना, धोक्याचा काळ सुरू होतो. तो चोवीस ते अठ्ठेचाळीस तास राहतो. मग बरं होण्याचा काळ.

त्या धोक्याच्या काळात शरीरात होतं काय? विषाणूशी लढताना शरीरच जी रसायनं सोडतं त्यांनी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात. नवा माठ पाझरावा तसं रक्तातलं पाणी भिंतीतून झिरपतं आणि छातीत, पोटात साचतं. पेशी आतच राहतात, त्यामुळे रक्त दाट होतं. बाहेर एक थेंब रक्त सांडलेलं नसतं आणि तरीही रक्तवाहिन्या रिकाम्या होत असतात. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली दिसते, छातीच्या उजव्या बाजूला पाणी दिसतं. ही गळती दोन दिवसांत आपोआप थांबते, आणि डेंग्यूतली सगळी आशा इथेच आहे. विषाणूला मारणारं औषध आपल्याजवळ नाही, पण तेवढे दोन दिवस रक्ताभिसरण सांभाळलं तर रुग्ण स्वतःच्या पायांनी घरी जातो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली डेंग्यूची वर्गवारी बदलली आणि धोक्याच्या खुणांना मध्यभागी आणलं. पोट सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं, अंगात पाणी साचणं, यकृत वाढणं, रुग्ण मलूल पडणं किंवा उगाच तगमग करणं, आणि प्लेटलेट झपाट्यानं कमी होत असतानाच रक्त दाट होणं. आयांनो, यांतली पोटदुखी आणि तगमग लक्षात ठेवा. ताप उतरलेलं पोर चिडचिड करतंय, कुशी बदलतंय, पोट धरतंय, तर ते हट्ट करत नाही. आणि सहा तासांत लघवी झाली नसेल, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या.

दाट रक्त मोजायची साधी तपासणी म्हणजे पीसीव्ही, ज्याला हिमॅटोक्रिटही म्हणतात. मूळ आकड्यापेक्षा ते एक पंचमांशानं वाढलं की गळती मोठी आहे असं समजायचं. यात आपल्या भागातली एक अडचण आहे आणि पाठ्यपुस्तकं तिच्यावर दोन ओळींपलीकडे जात नाहीत. आपल्या बायका रक्तक्षयी आहेत. जिचा पीसीव्ही एरवी तीस असतो तिचा छत्तीस झाला, तर तो पूर्ण एक पंचमांशानं वाढला. पण प्रयोगशाळेच्या कागदावर छत्तीस हा आकडा निरोगी बाईच्या मर्यादेत बसतो. शेजारी लाल खूण नाही, तारा नाही. कागद म्हणतो सगळं ठीक आहे आणि बाई शॉककडे चाललेली असते. यावर इलाज साधा आहे. तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच एकदा रक्त तपासून तिचा स्वतःचा मूळ आकडा लिहून ठेवायचा. ते झालं नसेल तर जुना कागद शोधायचा. गरोदरपणातलं कार्ड घरोघरी पेटीत जपलेलं असतं, त्यावर हिमोग्लोबिन लिहिलेलं असतं. त्याची तिप्पट केली की पीसीव्हीचा अंदाज येतो. दवाखान्यात निघताना ते कार्ड पिशवीत टाका. डॉक्टरांनी मागितलं नाही तरी दाखवा.

शॉक हा शब्द ऐकला की लोकांना बेशुद्ध माणूस दिसतो. डेंग्यूतला शॉक तसा येत नाही. रुग्ण बसलेला असतो, बोलत असतो, पाणी मागतो. रक्तदाब पाहावा तर वरचा आकडा शंभर. नवख्याला वाटतं, ठीक आहे. खालचा आकडा पाहिला का? काल ११०-७० होता, आज १००-८० आहे. दोन आकड्यांतलं अंतर चाळीसवरून वीसवर आलं. हाच डेंग्यूचा शॉक. नाडी बारीक आणि जलद, तळहात गार, नख दाबून सोडलं तर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ. वरचा आकडा कोसळतो तेव्हा उशीर झालेला असतो. किनवटच्या पलीकडच्या पाड्यावरून निघालेला रुग्ण सव्वाशे किलोमीटरांहून जास्त अंतर कापून नांदेडला पोचतो तो पुष्कळदा या शेवटच्या टप्प्यात. म्हणून हा हिशोब प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपजिल्हा रुग्णालयात मांडला गेला पाहिजे, आणि सलाईन तिथेच लागलं पाहिजे. रुग्णवाहिकेत बसवून दिलं म्हणजे उपचार झाला असं नव्हे.

आता पेशींकडे, म्हणजे प्लेटलेटकडे येतो. ‘डॉक्टर, पेशी किती आहेत?’ या प्रश्नानं माझी सकाळ सुरू होते. भाऊ प्लेटलेटची पिशवी मिळवायला मध्यरात्री रक्तपेढीत जातो, नांदेडला नाही मिळाली तर लातूर, तिथे नाही तर सोलापूर, हैदराबाद. एका दात्याकडून यंत्रानं काढलेल्या पिशवीला दहा हजारांच्या आसपास खर्च येतो. सोयाबीन विकायच्या आधीच उसनवारी होते. आणि हे सगळं ज्यासाठी, त्याचा पुरावा काय? सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याखाली, पण रक्तस्राव नाही, असे ३७२ प्रौढ रुग्ण. निम्म्यांना प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना फक्त नीट देखभाल. रक्तस्राव पहिल्या गटात २१ टक्क्यांना झाला, दुसऱ्यात २६ टक्क्यांना, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दुष्परिणाम मात्र प्लेटलेट दिलेल्यांत जास्त होते. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली आकडा गेल्यावरच प्लेटलेटचा विचार सांगितला आहे. डॉक्टर मंडळींना हे ठाऊक आहे. तरी चाळीस हजारांवर पिशवी चढते, कारण नातेवाइकांच्या डोळ्यांत भीती असते आणि ‘काहीतरी केलं’ असं दाखवावं लागतं. मला हे मान्य नाही. नातेवाइकांजवळ दहा मिनिटं बसून समजावणं हाही उपचार आहे आणि तो फुकट आहे. पेशींचा आकडा वाढायला लागतो तो बहुतेकदा धोका टळल्यानंतर. आकड्याच्या मागे धावताना नाडी आणि लघवी पाहायची राहून जाते, हे नुकसान पैशांपेक्षा मोठं.

पपईच्या पानांच्या रसाचंही विचारतात. काही छोट्या अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं दिसलं, पण त्यानं मृत्यू टळतात असं कोणी दाखवलेलं नाही. उलट्या होणाऱ्या माणसाच्या घशाखाली तो कडू रस कोंबू नका. त्याला ओआरएस द्या, भाताची पेज द्या, ताक द्या, घोटाघोटानं.

सलाईनच्या बाबतीत रुग्ण दोन्ही टोकांना मरतो. कमी पडलं तर शॉक. जास्त झालं तर जे पाणी बाहेर झिरपलं होतं ते बरं होण्याच्या काळात परत रक्तात येतं, वरून आपलं सलाईन चालूच, आणि फुप्फुसं पाण्यानं भरतात. गळती थांबली, भूक लागली, लघवी मोकळी झाली, अंगावर लाल पुरळ येऊन तळहात-तळपाय खाजू लागले की सलाईन बंद करायचं. इथे नातेवाईक विनवतात, ‘अजून अशक्तपणा आहे, आणखी दोन बाटल्या लावा.’ लावू नका. दर तासाला नाडी, रक्तदाब, लघवी लिहून त्याप्रमाणे थेंब कमी-जास्त करणारी परिचारिका या आजारात सगळ्यात मोलाची. मोठं यंत्र लागत नाही, माणूस लागतो.

हे मी भाबडेपणानं म्हणत नाही. थायलंडमध्ये १९५८ साली बँकॉकच्या मोठ्या साथीत रुग्णालयात आलेल्या दर शंभरांतली जवळपास चौदा मुलं दगावली. पुढच्या काही दशकांत औषधाचा शोध लागला नाही, लस नव्हती, तरी त्याच देशात हे प्रमाण हजारात दोन-तीनच्या आसपास आलं. दिवस मोजणं, पीसीव्ही पाहणं, पाणी मोजून देणं, एवढ्यावर. श्रीलंकेत २००९ साली सुमारे ३५ हजार रुग्णांत ३४६ मृत्यू झाले, म्हणजे शंभरात एक. २०१७ साली तिथे १ लाख ८६ हजारांवर रुग्ण झाले, इतकी मोठी साथ त्या देशानं पाहिली नव्हती, आणि मृत्यूचं प्रमाण हजारात अडीचच्या खाली राहिलं. त्यांनी डॉक्टरांना आणि परिचारिकांना बसवून शिकवलं, वॉर्डात डेंग्यूसाठी वेगळी देखरेखीची खाट ठेवली. हे विष्णुपुरीत होऊ शकतं, लातूरला होऊ शकतं, उदगीरलाही होऊ शकतं.

कोणाला जास्त जपायचं? गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस, साखरेचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेला, आणि ज्याला पूर्वी डेंग्यू झाला आहे तो. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एक होऊन गेला की त्याच्यापासून संरक्षण मिळतं, पण दुसरा प्रकार आला तर पहिल्या वेळची प्रतिपिंडं काही रुग्णांत विषाणूलाच मदत करतात. स्कॉट हॉलस्टेड यांनी बँकॉकच्या मुलांच्या अभ्यासातून ही गोष्ट पुढे आणली. आपली माणसं ऊसतोडीला, शिक्षणाला, कामाला पुणे-मुंबई-हैदराबादला जाऊन-येऊन असतात, त्यांच्याबरोबर विषाणूचे प्रकारही ये-जा करतात. पहिल्या प्रतिपिंडांच्या या उलट्या परिणामामुळेच लसीचं कामही अवघड झालं. भारतात एका मात्रेच्या देशी लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४मध्ये सुरू झाली. तिची वाट पाहू, पण हात बांधून नव्हे.

आता पाणी. आपल्या भागाला एडिस डासाची ओळख जुनी आहे. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. २००६ साली तोच चिकुनगुन्या मराठवाड्याच्या गावागावांत शिरला आणि माणसं काठी टेकत चालली. डास तोच, जो डेंग्यू पसरवतो. आपण दुष्काळी मुलूख, मग हा पाण्यातला डास इथे इतका का माजतो? कारण पाणी कमी असलं की माणूस ते साठवतो.

लातूरकरांना २०१६ आठवत असेल. मांजरा धरण कोरडं पडलं, मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीत पंचवीस लाख. त्या उन्हाळ्यात प्रत्येक दारात टिपाडं, बॅरल, हंडे, रंगाचे रिकामे डबे ओळीनं उभे होते. पाऊस आला, धरण भरलं, पण ती टिपाडं घरातून गेली नाहीत. जाणार कशी? नळ आठ-दहा दिवसांनी येत असेल तर माणूस काय करील? नांदेडला गोदावरी उशाशी असूनही वाढीव वस्त्यांत रोज पाणी मिळत नाही.

एडिसची अंडी पाण्याला टेकून भांड्याच्या कडेला चिकटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे नळाच्या दोन पाळ्यांमधलं अंतर आणि डास जन्माला यायचा काळ एकच. रोज पाणी येणाऱ्या शहरात भांडं रोज रिकामं होतं, अळीला वेळ मिळत नाही. आपण तिला पुरेपूर वेळ देतो. नुसतं पाणी ओतूनही भागत नाही, कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहून कित्येक महिने जगतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य विभाग सांगतो. सांगणं बरोबर आहे. पण ज्या बाईनं दहा दिवसांनी आलेलं पाणी रात्री जागून भरलं, तिला ‘ते ओतून द्या’ म्हणायचा अधिकार कोणाला आहे?

साथ वाढली की धूरफवारणीची गाडी येते, सगळ्यांना बरं वाटतं. तो धूर रस्त्यावरचा, उडता डास काही वेळापुरता मारतो. एडिस घरात असतो, खाटेखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे, आणि दिवसा चावतो. अळी टिपाडात सुखरूप असते. फवारणीवर जो पैसा आणि डिझेल जातं त्यातला मोठा वाटा घरोघर भांडी तपासणाऱ्या माणसांवर खर्चावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकवण्यांच्या वसतिगृहांच्या चालकांना वेगळं सांगतो. गच्चीवरच्या टाकीला झाकण हवं, कूलरचं पाणी दर आठवड्याला काढून आतली बाजू घासायला हवी. पोरं घरापासून दूर असतात, ताप अंगावर काढतात, परीक्षेच्या धास्तीनं सांगत नाहीत. कोणाला ताप आला तर पहिले पाच दिवस त्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो आणि त्याला चावलेला डास पुढे शेजारच्या खाटेवर जातो.

घरोघरच्या मंडळींना माझी विनंती आहे. पाणी ओतू नका, पण नळ यायच्या आदल्या संध्याकाळी, टिपाडाच्या तळाशी पाणी उरलेलं असतं तेव्हा, आतली कड काथ्यानं किंवा ब्रशनं खरडून घासा, मगच भरा. तोंडाला जुन्या धोतराचं किंवा साडीचं कापड घट्ट बांधा. हौदात गप्पी मासे सोडा. आशाताई टॉर्च घेऊन आल्या तर त्यांना दारातूनच परत पाठवू नका. आणि आपल्या नगरसेवकाकडे फवारणीची गाडी मागू नका. नळाचा ठरलेला दिवस मागा, आणि तो लवकर लवकर यावा असं मागा. नांदेड आणि लातूर या दोन्ही महानगरपालिकांनी डेंग्यूविरुद्धचं सगळ्यात मोठं काम पाणीपुरवठा विभागाकडे सोपवावं.